शाकुंतलाच्या चाली

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आले. कथावस्तू कालिदासाची, तिच्यावर कोणाचा हक्क उरला नव्हता. चालींचे तसे नव्हे. कित्येक कीर्तनातील, लावणीतील, तर काही सरळ कानडी पदांच्या. यास वाङ्मयचौर्य म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. छापील संगीत नाटकांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ पदाचा निर्देश करण्याचा प्रघात होता. ऋण उघड मान्य होते. पुढे १९१४ च्या कायद्याने भाषांतराचा एकाधिकार सामान्यतः १० वर्षेच राखला. १९५७ च्या कायद्यात रूपांतराचाही हक्क मूळ कर्त्याकडेच आहे. आज हयात कानडी संगीतकाराची चाल मराठी नाटकात घ्यावयाची, तर नुसता निर्देश पुरत नाही. अनुमती घ्यावी लागते.