हॉट रॉड : एका बदनाम कारागिरीची कैफियत

अमेरिकेतील लास व्हेगस शहरी नोव्हेंबरच्या आरंभी मोटारींच्या सुट्या भागांचे एक अवाढव्य व्यापारी प्रदर्शन भरते. 'सेमा' ह्या नावाने ते ओळखले जाते. व्यापार भागांचा खरा. पण लोकांची नजर खिळते ती जुन्या मोटारींना नवा देह आणि नवे एंजिन देऊन सिद्ध केलेल्या गाड्यांवर. ह्याच त्या हॉट रॉड. आज ज्यांच्याभोवती प्रतिष्ठित व्यापारी गर्दी करतात, त्या गाड्यांच्या कर्त्यांकडे एके काळी पोलीस संशयाने पाहत. हे परिवर्तन कसे घडले, हा प्रश्न कायद्याच्या अभ्यासकास मोठा उद्बोधक आहे.

1932 साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे एंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसविले. पुढे कॅलिफोर्नियातील तरुणांनी अशी एखादी जुनी फोर्ड घ्यावी, मडगार्ड काढून वजन घटवावे, कार्बोरेटर वाढवावेत आणि वाळवंटातील म्युरॉकच्या कोरड्या सरोवरावर ती पिटाळावी, असा क्रम सुरू झाला. 1937 साली त्यांच्या मंडळांनी सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापिली. वेग मोजणे, गाडी तपासणे आणि नियम मोडणारास दूर ठेवणे, ही कामे तिने अंगावर घेतली. परंतु महायुद्धानंतर रस्त्यांवरही शर्यती होऊ लागल्या, आणि वृत्तपत्रांनी 'हॉट रॉड' हा शब्द शिवीसारखा वापरला.

ह्या आरोपास उत्तर म्हणून संस्थेने जानेवारी 1948 मध्ये लॉस एंजेलिसच्या नॅशनल गार्डच्या इमारतीत प्रदर्शन भरविले. आम्ही त्यास कैफियतच म्हणू. प्रतिवादीने आपला पुरावा लोकांपुढे मांडला : उघडे एंजिन, स्वच्छ जोडकाम, घासून चकचकीत केलेला धातू. निष्काळजी माणसाच्या हातून असे काम होत नाही, हे न सांगताच दिसे. त्याच सुमारास रॉबर्ट पीटरसन ह्या तरुणाने 'हॉट रॉड' मासिकाचा पहिला अंक 25 सेंटांस विक्रीला काढला. शिवी होती तीच मुखपृष्ठावर नाव म्हणून छापली!

1950 साली ओकलंड येथील प्रदर्शनात सर्वांत सुंदर रोडस्टरचे पारितोषिक बिल नीकॅम्प ह्यांच्या 1929 च्या फोर्डला मिळाले. पुढे तीच गाडी कोरड्या सरोवरावर ताशी 140 मैलांहून अधिक वेगाने धावली, म्हणजे ती केवळ शोभेची नव्हती. 'कस्टम' गाड्यांचे कर्ते मात्र वेगाहून रूपाचे उपासक. बॅरिस बंधूंनी बॉब हिरोहाटा ह्यांच्यासाठी घडविलेली 1951 ची मर्क्युरी पाहावी. छताचे खांब कापून ते खाली आणायचे, मग काचा नव्याने बसवायच्या, सांधे भरून अशा सफाईने घासायचे की पत्रा मुळातच तसा ओतला होता असे वाटावे. एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जत्रेच्या रथावर वेलबुट्टी कोरणाऱ्या सुतारास हा प्रश्न आपण विचारीत नाही.

तथापि रूपाने प्रतिष्ठा मिळाली, असे म्हणणे अपुरे होईल. अतिवेगात फिरणारे फ्लायव्हील फुटले की त्याचे तुकडे तळाचा पत्रा भेदून चालकाच्या पायांवर, कधी प्रेक्षकांत जात. 1963 साली भाग बनविणाऱ्या कारखानदारांनी 'सेमा' ही संघटना काढली, एड इस्केंडेरियन तिचे पहिले अध्यक्ष झाले, आणि अशा भागांच्या मजबुतीची मानके ठरविण्याचे काम तिने आरंभिले. आपल्याच मालास नापास करण्याची ही तयारी आम्हांस चकचकीत रंगाहून मोलाची वाटते. अमेरिकेचा वाहनसुरक्षा कायदा 1966 सालचा, म्हणजे नंतरचा. 1967 साली डॉजर स्टेडियमवर संघटनेचे पहिले प्रदर्शन भरले; 1977 पासून ते लास व्हेगसला गेले. मानकांचे काम 1978 साली स्वतंत्र संस्थेकडे सोपविण्यात आले.

सगळेच साव होते असे नव्हे. धूर रोखणारी यंत्रणा निकामी करणारी साधने विकल्याबद्दल तेथील पर्यावरण खात्याने कित्येकांस दंड केला आहे. परंतु कॅलिफोर्नियात धुराशी संबंधित भाग कसोटीस उतरला तर त्यास क्रमांकासह सूट मिळते, व तो भाग रस्त्यावर कायदेशीर ठरतो. ह्या व्यवस्थेत कारागिरास आपली बाजू सिद्ध करण्याची संधी आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये निर्णय दिला की, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही. आपल्या रस्त्यांची गर्दी पाहता ह्या निर्णयामागील काळजी आम्हांस पटते. मात्र हौशी कारागिराने आधी कसोटी द्यावी व मग परवाना मागावा, ही वाट त्या कलमात फार अरुंद आहे. निराळ्या इंधनावर गाडी चालविण्याचा संच बसविणारास ती उघडी आहे, छत कापणारास नाही.