जुनी मोटार आणि तिचे कागद

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे, कागद नसला की वस्तू मुकी होते. तेव्हा डोळ्यांपुढे सनदा आणि महजर असत. हेच वाक्य मोटारगाडीलाही लागू पडते, हे अलीकडे फार जाणवते.

जुन्या विलायती गाड्या आपल्याकडे दोन वाटांनी आल्या. काही अख्ख्या बोटीतून बंदरात उतरल्या. काहींचे सुटे भाग खोक्यांतून आले आणि इथे जोडले गेले. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला असा जोडणीचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. १९५३ च्या सुमारास सरकारने ठरवले की, भाग इथेच बनवण्याची तयारी असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. वालचंद हिराचंदांची प्रीमियर राहिली. विलायती गाड्यांचा ओघ आटला. ज्या होत्या त्याच लोकांनी ठाकठीक करून वापरल्या.

कायद्याच्या लेखी मात्र गाडी ही फक्त गाडी होती. १९१४ चा कायदा आला, मग १९३९ चा, मग १९८८ चा. या शेवटच्या कायद्याने खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची केली, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ऐंशी वर्षांच्या मोटारीने काल घेतलेल्या मोटारीच्याच रांगेत उभे राहायचे.

१५ जुलै २०२१ रोजी केंद्राने नियम बदलले आणि ‘व्हिंटेज’ गाडीला पहिल्यांदा स्वतंत्र जागा मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. परदेशातून आणलेलीही चालेल. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येते. आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यायची.

नियम चांगलाच आहे. पण त्यात दोन अटी अशा आहेत की तिथे इतिहास आडवा येतो.

पहिली अट मूळ रूपाची. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आता सांगा, परदेशी भाग मिळेनासे झाल्यावर लोकांनी काय केले? डिझेलचे इंजिन बसवले, लोहाराकडून पट्टी ठोकून घेतली. त्या खटपटीनेच गाडी जगली, आणि तीच खटपट आज तिच्या आड येऊ शकते.

दुसरी अट कागदांची. आयात गाडीला कस्टमचे बिल ऑफ एंट्री लागते, इथे आधी नोंदलेल्या गाडीला जुने आरसी बुक. माझ्या एका माजी विद्यार्थ्याकडे आजोबांची मोटार आहे. तिचे आरसी बुक वाळवीने खाल्ले. “सर, गाडी दारात उभी आहे, पण ती आमची आहे हे सांगणारं काहीच नाही,” असं तो म्हणाला. मी त्याला जुनी विम्याची पत्रं, कराच्या पावत्या, जुना क्रमांक दिसेल असा फोटो, जे सापडेल ते जमवायला सांगितलं. शोध अजून चालू आहे.

आणखी एक योगायोग पाहा. याच नियमांनंतर महिन्याभरात, १३ ऑगस्ट २०२१ रोजी, जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. म्हणजे पंधराव्या वर्षी गाडी भंगाराच्या उंबरठ्याशी येते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा ठरते. मधली पस्तीस वर्षे तिला कुणी सांभाळायचे? तो भार सरकारवर नाही, कुणा संग्रहालयावर नाही. तो एखाद्या घरातल्या हट्टी माणसावर आहे.

असो. मोटार ठेवायची की नाही, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर आणि अंगणावर आहे. पण मंडळी, फडताळातली ती पिवळी पडलेली फाइल रद्दीत घालू नका. पत्रा नव्याने ठोकून घेता येतो, कागद नाही.