विज्ञानग्रंथपालाची खतावणी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात चरित्रे, काव्ये व कोश यांची निगराणी करणारा ग्रंथपाल आणि विज्ञानशाखेच्या वाचनकक्षात नियतकालिकांचा जमाखर्च सांभाळणारा ग्रंथपाल हे हुद्द्याने एक असले, तरी दोघांचे व्यवसाय मुळातच निराळे आहेत. पुस्तक एकदा विकत घेतले, दाखल नोंदवहीत त्यास क्रमांक दिला आणि पाठीवर चिठ्ठी डकवली, की त्याचे देणे कायमचे फिटते. नियतकालिक मात्र दरसाल नव्याने वर्गणी मागते, बहुधा गतसालापेक्षा अधिक मागते, आणि एखाद्या वर्षी तरतूद अपुरी पडून ते बंद केले, तर मागील तीस-चाळीस वर्षांचा अखंड संच त्या एका वर्षापुरता कायमचा लंगडा होऊन बसतो. म्हणूनच विज्ञानग्रंथपालाचा इतिहास लिहू जाणाऱ्यास कपाटांपेक्षा खतावण्यांतच अधिक सामग्री सापडते.

छापील युगात या खतावणीचे मुख्य ठाणे म्हणजे कार्डेक्स. पोलादी कपाटात एकाखाली एक बसवलेले उथळ खण असत. खण बाहेर ओढला, की एकमेकांवर किंचित सरकवून लावलेल्या कार्डांची रांग दिसे आणि प्रत्येक कार्डाची केवळ खालची कड उघडी राही, जिच्यावर नियतकालिकाचे नाव टंकलिखित असे. वरची कार्डे उलटून हवे ते मोकळे केले, की त्यावर वर्षांच्या ओळी व महिन्यांची घरे. टपाल फोडून अंक हाती आला, की त्या घरात दिनांक पडे. रिकामे राहिलेले घर पाहून जाणता कारकून प्रकाशकास स्मरणपत्र धाडी, कारण ठराविक मुदतीत तक्रार न गेल्यास गहाळ अंक विनामूल्य मिळण्याचा हक्क बुडे, आणि समुद्रमार्गे येणाऱ्या टपालाची संथ चाल ध्यानी घेता ही मुदत आपल्याकडील ग्रंथालयांना तोकडीच पडे. वर्षाचे अंक पुरे झाले, की जाहिरातींची पाने काढून, अनुक्रमणिका जोडून, कापडी बांधणी होई आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत खंड व साल उमटे.

हे सारे शिरस्त्याचे काम झाले. त्याच्या आधीचा आणि खरा कठीण प्रश्न असा, की मुळात कोणती नियतकालिके मागवावीत? 1665 साली हेन्री ओल्डेनबर्गने लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा हा प्रश्न संभवतच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र एकट्या रसायनशास्त्रातील लेखांचे सारांश देण्यासाठी ‘केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स’सारखे स्वतंत्र प्रकाशन 1907 पासून काढावे लागले, इतका पसारा वाढला होता. अशा वेळी ग्रंथपालाने प्राध्यापकांस विचारावे, तर प्रत्येक प्राध्यापक आपल्या संशोधनाचे नियतकालिक अपरिहार्य आणि शेजाऱ्याचे चैनीचे ठरवी. विभागप्रमुख बदलला, की यादीही बदले.

या कलहातून सुटण्याचा एक निरागस उपाय कॅलिफोर्नियातील पोमोना कॉलेजमध्ये निघाला. पी. एल. के. ग्रॉस व ई. एम. ग्रॉस या दोघांनी 28 ऑक्टोबर 1927 च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात एक छोटासा लेख लिहिला, ज्यातील प्रश्न अगदी घरगुती होता: पुढे संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना तयार करायचे, तर लहान कॉलेजच्या ग्रंथालयात रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके असावीत? व्यक्तिगत आवडीनिवडीच्या यादीवर विसंबण्याऐवजी त्यांनी अमेरिकन रसायन परिषदेच्या मुखपत्राचा 1926 सालचा खंड उघडला, त्यातील लेखांच्या तळटीपांत कोणत्या नियतकालिकाचा किती वेळा हवाला दिला आहे हे मोजले, आणि 247 नियतकालिकांकडे निर्देश करणाऱ्या 3,633 हवाल्यांची तालिका मांडली. हवाला दिलेले लेख कोणत्या काळातील आहेत हेही त्यांनी पाहिले, कारण जुने खंड किती मागेपर्यंत विकत घ्यावेत हा प्रश्नही तितकाच खर्चिक होता. जर्मन नियतकालिकांचे वजन इतके भरले, की रसायनाच्या विद्यार्थ्यास जर्मन आलेच पाहिजे, असा निष्कर्ष ओघानेच निघाला. तळटीप ही पानाच्या पायथ्याशी बारीक टाइपात बसणारी गरीब वस्तू. ती मोजल्याने विद्येच्या व्यवहाराचा नकाशा काढता येतो, ही कल्पना खरेदीच्या यादीवरून झालेल्या विवंचनेतून जन्मली, हे मला त्या लेखाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

याहून खोल दृष्टी लंडनच्या सॅम्युएल क्लेमेंट ब्रॅडफर्डची. हा मूळचा रसायनशास्त्रज्ञ. साउथ केन्सिंग्टनमधील सायन्स म्युझियमच्या ग्रंथालयात त्याची हयात गेली आणि पुढे तो त्याचा प्रमुख झाला. फावल्या वेळात गुलाबांवर पुस्तक लिहिण्याइतका रसिक असलेला हा गृहस्थ ग्रंथांच्या वर्गीकरणाविषयी मात्र विलक्षण हट्टी होता आणि दशांश पद्धतीवर आधारलेल्या सार्वत्रिक वर्गीकरणाचा त्याने इंग्लंडमध्ये जन्मभर पुरस्कार केला. त्याला छळणारी गोष्ट अशी, की जगात सारांश देणारी सुमारे 300 प्रकाशने वर्षाकाठी साडेसात लाख सारांश छापत असूनही, त्यांत पुनरुक्ती इतकी होती, की प्रत्यक्षात केवळ अडीच लाख निरनिराळ्या लेखांची दखल घेतली जाई आणि उरलेले सुमारे पाच लाख लेख कोणाच्याच दप्तरी लागत नसत. हे का होते, याचा शोध घेण्यासाठी त्याने आपल्या सहकाऱ्यांकरवी दोन विषयांचे संदर्भ गोळा करविले, एक उपयोजित भूभौतिकी आणि दुसरा वंगण, आणि त्याचे फलित 26 जानेवारी 1934 च्या ‘एंजिनिअरिंग’ साप्ताहिकात प्रसिद्ध केले.

भूभौतिकीचे आकडे मुळातून पाहण्यासारखे आहेत. 1928 ते 1931 या काळातील 1,332 संदर्भ 326 नियतकालिकांत आढळले. त्यांची उतरत्या क्रमाने मांडणी केली, तेव्हा पहिल्या 9 नियतकालिकांत 429 लेख निघाले. त्यानंतरच्या 59 नियतकालिकांत 499. आणि शेवटचे 404 लेख तब्बल 258 नियतकालिकांत पांगलेले होते. ढोबळ मानाने प्रत्येक वाटा सारखा, परंतु तो मिळवण्यासाठी धुंडाळावी लागणारी नियतकालिके दर टप्प्यास सुमारे पाचपट. ‘ब्रॅडफर्डचा नियम’ म्हणून आज ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास जे पाठ करावे लागते, ते हेच.

या नियमाचे दोन अर्थ निघतात, आणि जगाने त्यांपैकी सोयीचा तेवढा उचलला. पहिला असा, की प्रत्येक विषयाचा एक लहान गाभा असतो आणि तेवढी नियतकालिके घेतली की बराच कार्यभाग साधतो. काटकसरी कुलसचिवास व अर्थसमितीस हा अर्थ मनापासून पटला. ब्रॅडफर्डचा स्वतःचा कटाक्ष दुसऱ्या अर्थावर होता: भूभौतिकीच्या ग्रंथालयाने भूभौतिकीची सारी नियतकालिके घेतली, तरी त्या विषयाचा मोठा भाग परक्या विषयांच्या नियतकालिकांत विखुरलेलाच राहणार, तो सर्व हस्तगत करायचा, तर अखेर विज्ञानाची एकूण एक नियतकालिके जमवावी लागतील, आणि हे कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातले नाही. म्हणून ग्रंथालयांनी परस्परांचे संग्रह परस्परांस खुले करावेत, त्यास दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच ग्रंथालयातून पुढे आलेल्या डोनाल्ड अर्कहार्टने हा मार्ग प्रत्यक्षात आणला. 1956 सालच्या सुमारे 53,000 उसनवारींची छाननी करून त्याने दाखवले, की संग्रहातील एकदशांशाहून कमी नियतकालिके 80 टक्के मागणी भागवतात आणि पुष्कळशी वर्षभरात कोणी मागतही नाही. परंतु त्यावरून ती रद्द करण्याची शिफारस न करता, संपूर्ण राष्ट्रासाठी एकच उसनवारीचे ग्रंथालय असावे, असा आग्रह त्याने धरला. यॉर्कशायरमधील बॉस्टन स्पा येथे, युद्धकाळातील दारूगोळ्याच्या कारखान्याच्या आवारात, ते उभे राहिले. तेथे नियतकालिके केवळ नावाच्या वर्णानुक्रमाने लावलेली होती. वर्गीकरणाची धुरा वाहणाऱ्या ब्रॅडफर्डच्या शिष्यपरंपरेस ही व्यवस्था कितपत रुचली असेल, याची कल्पना वाचकानेच करावी.

गणनेच्या पहिल्या अर्थाला पंख फुटले ते अमेरिकेत. न्यायालयीन निकालांचे पुढे कोठे कोठे हवाले दिले गेले याची सूची शेपर्ड या नावाने तेथील वकिलांच्या नित्य वापरात 1873 पासून होती. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन युजीन गारफिल्डने 1955 साली विज्ञानासाठी तशीच सूची सुचवली आणि 1964 साली फिलाडेल्फियातून ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात विक्रीस आणली. एखाद्या जुन्या लेखाचा धागा धरून पुढील संशोधनापर्यंत येण्याची ती उत्तम युक्ती होती, यात शंका नाही. परंतु सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी गारफिल्ड व अर्व्हिंग शेर यांनी जो प्रभावांक काढला, म्हणजे मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षी सरासरीने किती हवाले मिळाले याचे गुणोत्तर, तो 1975 पासून दरसाल स्वतंत्र अहवालात छापला जाऊ लागला आणि ग्रंथपालाच्या टेबलावरून उठून थेट निवड समितीच्या बैठकीत जाऊन बसला. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत प्रभावांक नसलेल्या नियतकालिकातील लेखास 5 गुण आणि 10 हून अधिक प्रभावांक असलेल्यातील लेखास 30 गुण, अशी श्रेणी लावून दिलेली आहे. नियतकालिकाच्या खरेदीसाठी घडवलेले माप माणसाच्या बढतीसाठी वापरले गेले, आणि ते वापरणाऱ्यांपैकी किती जणांस त्याचे मूळ ठाऊक असेल, याविषयी मी साशंक आहे.

याच गाभ्याने ग्रंथपालास आर्थिक कोंडीतही पकडले. रॉबर्ट मॅक्सवेलने 1951 साली पर्गमॉन प्रेस ताब्यात घेतला, तेव्हा त्याने एक गोष्ट ओळखली: एका वैज्ञानिक नियतकालिकाऐवजी दुसरे स्वस्त नियतकालिक घेता येत नाही, कारण प्रत्येकातील लेख निराळे असतात, तेव्हा गाभ्यात गणले गेलेले नियतकालिक किंमत वाढली तरी रद्द होत नाही. 1991 साली पर्गमॉन एल्सव्हिअरकडे गेले ते 44 कोटी पौंडांस.

आपल्या ग्रंथालयांवर हा भार दुहेरी पडला. 6 जून 1966 रोजी डॉलरचा भाव 4 रुपये 76 पैशांवरून 7 रुपये 50 पैशांवर गेला, म्हणजे परदेशी वर्गणीची रुपयांतील रक्कम एका रात्रीत दीडपटीहून अधिक झाली. तरीही विखुरलेल्या भागाची सोय करण्याचा विचार आपल्याकडे पुष्कळ आधी सुरू झाला होता. गणिताचे अध्यापन सोडून 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन यांनी दक्षिण आशियातील ग्रंथालयांत कोणते विद्वत्तापूर्ण नियतकालिक कोठे आहे याची संयुक्त सूची सिद्ध केली आणि तिचा विज्ञानविषयक खंड 1953 साली निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत ‘इन्सडॉक’ स्थापन झाले, जे देशातील कोणाही संशोधकास हव्या त्या लेखाची छायाप्रत किंवा भाषांतर मिळवून देई.

आता केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस नोव्हेंबर 2024 मध्ये मंजुरी देऊन तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद केली आहे, आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके 6,300 हून अधिक सरकारी संस्थांस खुली होत आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या अध्यापकास ही पर्वणीच होय आणि तिचे स्वागत केले पाहिजे. मात्र ही मुख्यतः गाभ्याची सोय आहे. म्हणून निवड समितीवर बसणाऱ्यांनी अर्जांवरील गुणांची बेरीज करण्यापूर्वी 258 नियतकालिकांत पांगलेल्या त्या 404 लेखांची आठवण ठेवावी, आणि ज्या संशोधकास हवा असलेला लेख या यादीत मिळत नाही, त्याने तो उपलब्धच नाही असे गृहीत न धरता आपल्या ग्रंथपालाकडे आंतरग्रंथालयीन उसनवारीचा रीतसर अर्ज भरावा.