मुळशीचा लढा आणि सेनापति बापट

डोंगरांच्या कुशींत एक मोठें धरण आहे. त्याच्या खालीं लाखो लोकांची वस्ती आहे. आणि निसर्गाचा कैवार घेतलेली एक गुप्त टोळी सरकारला मुदत घालून देते कीं, अमुक दिवसापर्यंत आमची मागणी मान्य झाली नाहीं, तर हें धरण फुटेल. अशा रचनेच्या रहस्यकथा अलीकडे देशोदेशीं पुष्कळ लिहिल्या जातात आणि आवडीनें वाचल्या जातात. त्यांतील नायक घड्याळाच्या कांट्याबरोबर धांवत असतो आणि शेवटच्या पानापर्यंत वाचकाचा जीव टांगणीला लागलेला असतो. परंतु कथेच्या ओघांत एक प्रश्न मागें राहून जातो. त्या टोळींतील माणसें या थराला पोंचलीं कशीं? ज्याचें गाऱ्हाणें ऐकून घेणारें कोणी उरलें नाहीं, त्यानें प्रतिकारासाठीं कोठवर जावें? या प्रश्नाचें उत्तर कादंबरीपेक्षां इतिहासांत शोधणें अधिक बरें. आणि त्यासाठीं महाराष्ट्राला फार दूर जावयास नको. पुणें जिल्ह्याच्या पश्चिमेस, मुळशी पेट्यांत, १९२१ ते १९२४ या काळांत धरणाविरुद्ध जो लढा झाला, तो या जातीच्या लढ्यांपैकीं जगांतील अगदीं आरंभींचा समजला जातो. त्या लढ्याचा सेनापति नगर जिल्ह्यांतला, राहुरीला लागून असलेल्या पारनेर तालुक्यांतला होता.

राहुरीच्या श्रोत्यांना मुळा हें नांव घरचें वाटेल. म्हणून येथें एक खुलासा अवश्य आहे. राहुरीवरून वाहणारी मुळा हरिश्चंद्राच्या डोंगरांत उगम पावून प्रवरेला मिळते. मुळशीची मुळा निराळी. ती सह्याद्रींतून निघून पुण्याकडे येते व तेथें मुठेला मिळते. या दुसऱ्या मुळेच्या उगमाकडील खोरें म्हणजे मावळ मुलुख. पाऊस उदंड, जमीन थोडी, पण ती उत्तम भाताची. आंबेमोहोर तांदळाबद्दल या भागाची ख्याति होती. डोंगरांच्या पायथ्याशीं लहान लहान गांवें वसलेलीं होतीं आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथील मावळे तींच खाचरें कसून पोट भरीत होते.

या खोऱ्याकडे मुंबईच्या उद्योगपतींचें लक्ष गेलें तें तेथील पाण्यासाठीं. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी साठवावें, तें बोगद्यांतून व नळांतून कोंकणच्या बाजूस खालीं सोडावें, आणि त्या पडत्या पाण्याच्या जोरावर वीज उत्पन्न करून ती मुंबईस न्यावी, ही टाटांची योजना होती. तिचें पहिलें फळ १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांत दिसलें. मुंबईच्या गिरण्यांना विजेची भूक होती, आगगाड्याही विजेवर चालविण्याचे बेत होते, आणि कोळसा दूरच्या प्रांतांतून आणावा लागे. म्हणून पुढें आंध्रा खोऱ्यांत, व त्यानंतर मुळशीस, जेथें निळा व मुळा या नद्यांचा संगम होतो तेथें, धरण बांधण्याचें ठरलें. पूर्वेकडे वाहणारें पाणी पश्चिमेकडे वळवून कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांत भिरा येथील वीजघरावर सोडावयाचें होतें. योजना भव्य होती व तिच्यामागें खरें देशी कर्तृत्व होतें. परंतु तिच्या पोटांत सुमारें ५२ गांवें आणि सुमारें ११ हजार माणसें बुडणार होतीं.

या माणसांना आधीं कोणी विचारलें नाहीं. शेतांत चांचणीचे चर खणले जाऊं लागले, तेव्हां आपली जमीन जाणार ही बातमी त्यांना कळली. सरकारनें १८९४ चा जमीन-संपादनाचा कायदा कंपनीच्या साह्यास दिला. त्या कायद्याप्रमाणें काम सार्वजनिक हिताचें आहे एवढें सरकारनें ठरविलें, कीं मालकाच्या होकाराची गरज उरत नसे; तंटा राही तो केवळ किंमतीचा. मावळ्यांचें म्हणणें तर किंमतीविषयीं नव्हतेंच. पैसे हातीं आले तरी तशी जमीन पुन्हां कोठें मिळणार, आणि शेतीवांचून दुसरें कांहींच न येणाऱ्या माणसानें त्या पैशाचें काय करावें, असा त्यांचा साधा सवाल होता.

असहकाराच्या चळवळीनें देश ढवळून निघालेला होता. १९२१ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस, रामनवमीच्या दिवशीं, मुळशीच्या सत्याग्रहास प्रारंभ झाला. सुमारें बाराशें मावळे धरणाच्या जागीं जाऊन बसले. बायकामुलेंही त्यांत होतीं. मजुरांनीं हत्यारें खालीं ठेवलीं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा खोऱ्यांत घुमली. पुण्याच्या राजकीय वर्तुळांतून शंकरराव देव, विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखे कार्यकर्ते लढ्यांत उतरले. गांधीजींनीं त्याच महिन्यांत ‘यंग इंडिया’ पत्रांतून सत्याग्रहींविषयीं सहानुभूति दाखवून टाटांना फेरविचाराची विनंती केली. कंपनीनें सुमारें सहा महिने काम थांबविलें. विजय जवळ आला असें क्षणभर वाटलें.

तें खरें नव्हतें. वर्षाच्या अखेरीस काम पुन्हां सुरू झालें आणि सत्याग्रहही. आतां मात्र धरपकड, शिक्षा व दंड यांचा सपाटा लागला. त्याहून मोठें संकट आंतून उभें राहिलें. मावळांतल्या पुष्कळ जमिनी कसणारे मावळे असले, तरी कागदोपत्रीं त्या पुण्याच्या सावकारांच्या व जमीनदारांच्या नांवावर होत्या अथवा त्यांच्याकडे गहाण पडलेल्या होत्या. त्यांना मोबदल्याची भरघोस रक्कम धरणापेक्षां वाईट वाटण्याचें कारण नव्हतें. पुढाऱ्यांतही दोन पक्ष पडले. एकाचें म्हणणें, धरण होणार हें धरून चालावें आणि भरपाई चांगली मिळवावी. दुसऱ्याचें म्हणणें, जमीन ही विकावयाची वस्तु नव्हे. एकेक घर मोबदला घेऊं लागलें. धरणाची भिंत चढत गेली आणि लढणारांची संख्या उतरत गेली. ज्यांनीं शेवटपर्यंत नमतें घेतलें नाहीं, त्यांत बापट अग्रभागीं होते. ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं त्यांना याच लढ्यांत दिली.

बापटांचें पूर्वायुष्य लक्षांत घेतल्यावांचून पुढच्या प्रसंगाचें मर्म कळणार नाहीं. त्यांचा जन्म पारनेर येथें १२ नोव्हेंबर १८८० रोजीं झाला. डेक्कन कॉलेजांतील शिक्षणानंतर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति मिळवून १९०४ मध्यें ते एडिंबरोस गेले, तेही स्थापत्यादि यंत्रविद्या शिकण्यासाठीं. हिंदुस्थानांतील ब्रिटिश राज्यावर केलेल्या भाषणामुळें शिष्यवृत्ति गेली. पुढें लंडनच्या इंडिया हाउसांत सावरकरांच्या सहवासांत ते आले, आणि पॅरिसला जाऊन एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब तयार करण्याची विद्या शिकून ती त्यांनीं हिंदुस्थानांत आणली. १९०८ च्या अलीपूर खटल्यांत नांव निघाल्यावर कित्येक वर्षें त्यांना अज्ञातवासांत काढावीं लागलीं. या भ्रमंतींत सामान्य जनतेची स्थिति त्यांनीं जवळून पाहिली, आणि मूठभर लोकांच्या गुप्त कटापेक्षां लोकशिक्षणाचें काम अधिक निकडीचें आहे अशी त्यांची धारणा होत गेली.

असा हा मनुष्य मुळशीच्या लढ्यांत होता. सर्व सनदशीर मार्ग संपले होते. अर्ज झाले, सभा झाल्या, उपोषणें व कारावास झाले. अहिंसा हें बापटांचें अखेरचें तत्त्व नव्हतें, आणि तें त्यांनीं लपविलेंही नाहीं. स्वतःच्या मार्गाला ते ‘शुद्ध सत्याग्रह’ म्हणत. न्यायासाठीं प्रसंगीं शस्त्रही उचलावें लागेल. पण जें करावयाचें तें उघडपणें करावें, आणि त्याचें शासन स्वतः भोगावें, असा त्याचा आशय होता. धरणाच्या कामाची मोडतोड झाली तेव्हां ते पळाले नाहींत, आपण होऊन स्वाधीन झाले. डिसेंबर १९२४ मध्यें त्यांनीं व त्यांच्या मोजक्या साथीदारांनीं शस्त्रें घेऊन, रुळांवर दगड रचून, धरणाच्या कामाची आगगाडी अडविली. लढ्याचा हा शेवटचा आणि सर्वांत उग्र प्रसंग. त्याबद्दल बापटांना सात वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा झाली. ती त्यांनीं दूर सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगांत भोगली व १९३१ मध्यें ते सुटले. तोंवर धरण पुरें होऊन १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईस जाऊं लागली होती.

गाडी अडविण्याचें हें कृत्य योग्य होतें काय? गांधीजींच्या दृष्टीनें तें सत्याग्रहांत बसणारें नव्हतें, आणि त्यांचा आक्षेप वजनदार आहे. इंजिनावर काम करणारा मनुष्य कांहीं धरणाचा मालक नव्हे. त्याच्या जिवाला धोका पोंचविण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. बापटांवरील भक्तीमुळें हा दोष झांकण्याचें कारण नाहीं. तरीसुद्धां रहस्यकथेंतील टोळीच्या शेजारीं त्यांना उभें केलें म्हणजे भेद स्पष्ट दिसतो. टोळी तोंड झांकते. बापटांनीं आपलें नांव लपविलें नाहीं. टोळी ज्यांचा तंट्याशीं संबंध नाहीं अशा लाखोंचे प्राण ओलीस ठेवते; स्फोटकांची विद्या हातीं असलेला हा यंत्रविद्येचा विद्यार्थी दगड घेऊन रुळावर जातो, आणि किंमत म्हणून स्वतःच्या आयुष्यांतील सात वर्षें मोजतो.

पाण्याला शस्त्र करण्याचें पातक इतिहासांत घडलेलें आहे. पण तें करणारे बहुधा राज्यकर्तेच होते. जून १९३८ मध्यें जपानी सैन्याला रोखण्यासाठीं चीनच्या सरकारी फौजेनें हुआयुआनकोऊ येथें पीत नदीचे बांध फोडले आणि आपलेच लाखो शेतकरी पुराच्या व उपासमारीच्या तोंडीं दिले. मे १९४३ मध्यें ब्रिटिश विमानांनीं जर्मनींतील मोएने व एडर हीं धरणें फोडलीं. त्यांत हजाराहून अधिक माणसें बुडालीं, आणि त्यांत वेठीस धरून आणलेले परदेशी मजूर व कैदी पुष्कळ होते.

महाराष्ट्रावर असा प्रसंग आला तो कोणा शत्रूमुळें नव्हे. पुण्याच्या वर अंबी नदीवर पानशेतचें मातीचें धरण बांधलें जात होतें. पाणी सोडण्याच्या मोरीचें बांधकाम सदोष होतें, आणि काम पुरें होण्यापूर्वींच पावसाळ्याचें पाणी अडविण्याची घाई झाली. ११ जुलै १९६१ च्या रात्रीं लष्कराचे जवान भराव वांचविण्यासाठीं वाळूचीं पोतीं रचीत होते. १२ जुलैच्या सकाळीं धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें जुनें धरणही फोडलें, आणि पुणें शहराचा नदीकांठ उध्वस्त झाला. येथें गुप्त टोळी नव्हती, खलिता नव्हता, मुदत नव्हती. होती ती घाई, आणि धोक्याची सूचना वेळेवर लोकांपर्यंत न पोंचविणारी व्यवस्था. मावळ्यांना न विचारतां शेतांत चर खणणारी वृत्ति आणि शहराला न जागवितां धरण भरूं देणारी वृत्ति यांचें गोत्र एकच आहे.

यावरून धरणें वाईट असा निष्कर्ष काढणें मात्र अन्यायाचें होईल, आणि राहुरीकर तो काढणार नाहींत. ज्या वर्षांत मुळशीचे मावळे तुरुंगांत जात होते, त्याच वर्षांत अकोलें तालुक्यांत प्रवरेवर भंडारदऱ्याचें सुमारें २७० फूट उंचीचें धरण उभें राहात होतें. तें १९२६ मध्यें पुरें झालें. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनीं तें पाणी राहुरीच्या शिवारापर्यंत आणलें, आणि दुष्काळाला सरावलेल्या मुलुखांत ऊंस उभा राहिला. पुढें बारागांव नांदूर येथें मुळेवर २६ अब्ज घनफूट पाणी सांठविणारें धरण झालें. त्याच्या कालव्यांनीं राहुरी, नेवासें, शेवगांव व पाथर्डी या तालुक्यांना ओलावा दिला. पण राहुरीनें दुसरी बाजूही पाहिली आहे. मुळेच्या जलाशयाखालीं याच भागांतील शेतें व घरें गेलीं, आणि १९६९ पासून येथें असलेल्या कृषि विद्यापीठाच्या विस्तीर्ण क्षेत्रासाठीं याच तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. बुडणारा आणि भिजणारा हे दोघेही शेतकरीच. एकाचें सुख दुसऱ्याच्या त्यागावर उभें राहतें, तेव्हां त्या त्यागाचा हिशेब आधीं व्हावयास हवा.

तो हिशेब मांडावयास फार काळ लागला. प्रकल्पांनीं उठविलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठीं महाराष्ट्रानें १९७६ मध्यें कायदा केला. ज्या १८९४ च्या कायद्यानें मुळशीची जमीन गेली, तो तर स्वातंत्र्यानंतरही टिकला. १ जानेवारी २०१४ रोजीं नवा कायदा अंमलांत आला, तेव्हां त्याची जागा गेली. खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची असल्यास बाधितांपैकीं शेंकडा ८० जणांची आगाऊ संमति, आणि लोकांवर काय परिणाम होईल याची पूर्वतपासणी, या गोष्टी त्या नव्या कायद्यांत आल्या. १९२१ च्या रामनवमीस धरणाच्या जागीं बसलेले मावळे याहून निराळें कांहीं मागत नव्हते. त्यांना आधीं विचारावें, एवढेंच त्यांचें मागणें होतें. आणि तें मान्य व्हावयास ९३ वर्षें लागलीं.

सेनापति बापट २८ नोव्हेंबर १९६७ रोजीं निवर्तले. मुळशीच्या जलाशयाचें पाणी अजूनही बोगद्यांतून भिऱ्याकडे उतरतें आणि मुंबईचे दिवे उजळतें. त्या पाण्याखालीं भाताचीं खाचरें आहेत. ज्या राज्यांत गाऱ्हाण्याला वेळीं कान मिळतो, तेथें रुळांवर दगड रचण्याची पाळी सज्जनावर येत नाहीं. आणि जेथें तो मिळत नाहीं, तेथें पुढच्या वेळीं येणारा मनुष्य बापटांइतका संयमी व उघड्या तोंडाचा असेलच, असा भरंवसा राज्यकर्त्यांनीं धरूं नये.