वेब सर्व्हर आणि त्याचे राखणदार

आज सकाळपासून आपल्यापैकी कोणी रेल्वेचे तिकीट काढले असेल, कोणी विजेचे बिल भरले असेल, तर कोणी मुलाच्या परीक्षेचा निकाल पाहिला असेल. ही सारी कामे आपण घरबसल्या पडद्यावर करतो. पान उमटण्यास क्षणभर उशीर झाला की आपण अस्वस्थ होतो. वेळेवर उमटले तर ते कोठून आले व कोणी पाठविले, हा प्रश्न आपल्या मनात येतही नाही. ते पान पाठविणाऱ्या प्रणालीस वेब सर्व्हर म्हणतात. मागणी आली की ती वाचावयाची, मागितलेले पान शोधावयाचे आणि मागणाऱ्याकडे रवाना करावयाचे, एवढेच तिचे काम. परंतु हे काम अहोरात्र बिनबोभाट चालावे म्हणून कोणीतरी तिच्यावर सतत नजर ठेवीत असतो. आज मला त्या राखणदारांचा इतिहास सांगावयाचा आहे. वेब सर्व्हरच्या शोधाचे श्रेय एका पुरुषाकडे जाते हे खरे. तथापि त्याला आज दिसते ते रूप प्राधान्याने त्याची दुरुस्ती करणाऱ्यांनीच दिले, असे माझे प्रतिपादन आहे.

प्रारंभ जिनिव्हा येथे झाला. तेथील सर्न या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करणारे टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांना परस्परांशी जोडण्याची एक योजना वरिष्ठांपुढे मांडली. १९९० च्या अखेरीस जगातील पहिला वेब सर्व्हर त्यांच्या मेजावरील नेक्स्ट जातीच्या संगणकावर चालू लागला. त्या संगणकावर त्यांनी एक चिठ्ठी चिकटविली होती. हे यंत्र सर्व्हर आहे, त्याची वीज बंद करू नये, अशी ताकीद तिच्यावर लाल शाईने लिहिलेली होती. रात्री खोलीतून जाणाऱ्या कोणी सहज कळ दाबली असती, तर त्या वेळचे सारे वेब विझून गेले असते! सर्व्हरच्या राखणदारीची ही पहिली खूण मानावयास हरकत नाही.

३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही सारी प्रणाली सर्वांसाठी मुक्त केली. त्याच सुमारास अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणक केंद्रात रॉब मॅक्कूल नावाच्या विद्यार्थ्याने दुसरा एक सर्व्हर लिहिला. तो विनामूल्य मिळे, आणि त्याची मूळ संहिता कोणासही वाचता येई. साहजिकच अल्पावधीत तो सर्वत्र पसरला. पुढे १९९४ च्या मध्यास मॅक्कूल ते केंद्र सोडून गेले आणि सर्व्हरची वाढ खुंटली. इकडे वेबवरील वर्दळ तर महिन्यागणिक वाढत होती. ज्यांच्या अंगावर सर्व्हर चालविण्याची जबाबदारी होती, त्यांना नित्य नवे दोष आढळू लागले. पण गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे? तेव्हा जो तो आपापल्या परीने दुरुस्ती करू लागला. अशा दुरुस्तीस इंग्रजीत पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. मूळ संहितेतील कोणत्या ओळी काढावयाच्या आणि त्यांच्या जागी कोणत्या घालावयाच्या, एवढाच मजकूर त्यात असतो. लॅरी वॉल यांनी १९८५ मध्येच अशी ठिगळे आपोआप बसविणारी एक छोटी प्रणाली लिहिली होती. त्यामुळे एकाचे ठिगळ दुसऱ्याच्या सर्व्हरला लावणे सोपे झाले होते.

तरीही एक अडचण उरलीच. शंभर ठिकाणी शंभर जण तोच दोष पुनःपुन्हा दुरुस्त करीत होते, आणि एकाचे ठिगळ दुसऱ्यास ठाऊक नव्हते. फेब्रुवारी १९९५ मध्ये ब्रायन बेलेनडॉर्फ आणि क्लिफ स्कॉलनिक यांनी अशा मंडळींना पत्रव्यवहाराने एकत्र आणले. मुख्य मंडळी अवघी आठ होती. बहुतेकांची परस्परांशी ओळख अक्षरांतूनच काय ती झालेली. त्यांनी एनसीएसएच्या सर्व्हरची १.३ ही आवृत्ती पायाभूत धरली, हाती आलेली उपयुक्त ठिगळे एकेक करून तिला जोडली, स्वतःच्या सर्व्हरवर ती पारखून घेतली आणि एप्रिल १९९५ मध्ये आपली पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिचे नाव अपॅची. ठिगळांचा सर्व्हर या अर्थाच्या इंग्रजी शब्दांशी या नावाचा उच्चार जुळतो म्हणून ते पडले, असे पुष्कळजण सांगतात; अमेरिकेतील अपॅची या आदिवासी लोकांविषयीच्या आदरातून ते घेतले, असे स्वतः संस्था सांगते. नावाची व्युत्पत्ती काहीही असो, वस्तू मात्र आपल्याकडील वाकळेसारखीच होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक शिवून वाकळ होते. तिचा कोणताच तुकडा नवा नसतो, पण ऊब पुरी मिळते.

अर्थात नुसत्या ठिगळांवर फार दिवस निभाव लागत नाही. मंडळींपैकी रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची घडण मुळापासून नव्याने आखली. मागणी आल्यानंतर कामकरी प्रक्रिया उभी करण्याऐवजी काही प्रक्रिया आधीच तयार ठेवावयाच्या, आणि निरनिराळी कामे सुट्या भागांत विभागावयाची, अशी ती योजना होती. १ डिसेंबर १९९५ रोजी १.० ही आवृत्ती बाहेर पडली, आणि पुढील वर्षभराच्या आत अपॅचीने मूळ एनसीएसए सर्व्हरला मागे टाकले. या मंडळींत धनी कोणी नव्हता. दुरुस्ती स्वीकारावी की नाही हे मते घेऊन ठरे, आणि एखाद्याने सकारण नकार दिला तर ती अडून राही. १९९९ मध्ये याच मंडळींच्या प्रयत्नाने अपॅची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली.

आता राखणदार दोष शोधतो कसा, ते पाहू. त्याचे मुख्य साधन म्हणजे सर्व्हरची नोंदवही. आपल्या जुन्या पेढ्यांवर जशी रोजकीर्द लिहीत, तशी सर्व्हरही लिहितो. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितले, काय उत्तर दिले आणि किती मजकूर धाडला, अशी प्रत्येक मागणीची एक ओळ. उत्तराचा प्रकार तीन आकड्यांनी दाखवितात. टपाल व फायली पाठविण्याच्या जुन्या नियमांतही असे तीन आकडी संकेत होते. वेबने तीच पद्धत उचलली. आरंभी २ असेल तर काम फत्ते. ३ असेल तर पान दुसरीकडे आहे. ४ असेल तर मागणाऱ्याची चूक. आणि ५ असेल तर चूक सर्व्हरची. ४०४ हा आकडा आता मुलांनाही ठाऊक आहे. राखणदाराचे काळीज धडधडते ते मात्र ५०० पाहून, कारण तेथे दोष आपल्याच घरात असतो. मग तो दुसरी वही, दोषांची वही, उघडतो. एखाद्या फायलीवर वाचण्याचा अधिकारच दिलेला नाही, रचनेच्या फायलीत एक कंस राहून गेला आहे, किंवा नोंदवह्याच इतक्या फुगल्या आहेत की तबकडीवर तिळाएवढी जागा उरली नाही, अशी कारणे तेथे सापडतात. चूक कोणाची हे पहिल्या आकड्यातच सांगून टाकण्याच्या या युक्तीने किती रात्रींचे जागरण वाचविले असेल, याची गणती नाही.

दोषांपलीकडचे दुसरे संकट गर्दीचे. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी असा प्रश्न मांडला की, एकाच यंत्राने एकाच वेळी दहा हजार जोडण्या का सांभाळू नयेत? अपॅचीची त्या काळची रीत पंगतीतील प्रत्येक पानापुढे एक स्वतंत्र वाढपी उभा करावा तशी होती. जेवणारा सावकाश जेवू लागला की वाढपी तेथेच खोळंबे, आणि पंगत मोठी झाली की माजघरात वाढप्यांचीच दाटी होई. रशियातील रॅम्बलर या कंपनीत सर्व्हर सांभाळणारे इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये या प्रश्नास हात घातला आणि ऑक्टोबर २००४ मध्ये एनजिन-एक्स हा सर्व्हर सर्वांस खुला केला. यात मोजकेच वाढपी असतात. ते पंगतीतून फिरत राहतात, आणि ज्याचे पान रिकामे दिसेल त्यालाच वाढतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा शोधही सर्व्हर राखणाऱ्या माणसाच्या हातूनच लागला.

श्रोतेहो, येथवर मी ठिगळ तयार करणाऱ्यांविषयी बोललो. परंतु तयार ठिगळ लावावे लागते, आणि या दोहोंमधील अंतरातच अनर्थ घडतो. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या सर्व्हरमधील एका दोषाची दुरुस्ती १८ जून २००१ रोजी प्रसिद्ध झाली. १९ जुलै रोजी, म्हणजे महिन्याभराने, कोड रेड नावाच्या कृमीने त्याच दोषातून शिरकाव करून चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० संगणक बाधित केले. औषध महिनाभर आधी आले होते. घेतले नव्हते एवढेच. विंडोज २००० च्या सर्व्हर आवृत्तीबरोबर आयआयएसही आपोआप बसविला जाई, त्यामुळे आपल्या यंत्रावर वेब सर्व्हर चालू आहे याची पुष्कळ मालकांना वार्ताच नव्हती. ज्याला आपण राखणदार आहोत हेच ठाऊक नाही, तो पहारा कसा देणार? त्या दिवसांत अपॅची चालविणाऱ्यांच्या नोंदवह्यांतही या कृमीच्या मागण्या ओळीने उमटत होत्या. एन हे इंग्रजी अक्षर शेकडो वेळा लिहिलेली ती लांबलचक ओळ होती. त्यांच्या सर्व्हरला बाधा झाली नाही. पण शेजारी केवढी साथ पसरली आहे, हे त्यांना आपल्याच वहीत वाचावयास मिळाले.

याहून गंभीर प्रसंग ७ एप्रिल २०१४ रोजी आला. मजकूर गुप्त ठेवण्यासाठी बहुतेक सर्व्हर ओपन-एसएसएल नावाच्या एका सामायिक भागाचा उपयोग करीत. मार्च २०१२ पासून त्यात एक दोष दडलेला होता. कोणीही दूरस्थ माणूस एका मागणीत सर्व्हरच्या स्मरणातील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर काढून नेऊ शकत होता. त्यात लोकांचे परवलीचे शब्द सापडत, आणि प्रसंगी सर्व्हरची गुप्त किल्लीही. या दोषास हार्टब्लीड असे नाव मिळाले. सर्वांत भयंकर गोष्ट अशी की, या चोरीची नोंदवहीत काहीच खूण राहत नसे. ज्या वहीवर राखणदाराची सारी भिस्त, ती येथे मुकी होती. कॅनडाच्या करखात्यातून या मार्गाने सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विम्याचे क्रमांक चोरीस गेले. राखणदारांना त्या आठवड्यात क्रमाने कामे करावी लागली. नवी आवृत्ती बसविणे हे पहिले. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करणे हे दुसरे, कारण चालू प्रक्रिया जुनाच भाग स्मरणात धरून बसते, आणि ही पायरी विसरणाऱ्यास दुरुस्ती केल्याचे खोटे समाधान तेवढे लाभते. त्यानंतर किल्ल्या व प्रमाणपत्रे बदलणे, आणि शेवटी लोकांना परवलीचे शब्द बदलावयास सांगणे.

या प्रसंगाने आणखी एक लाजिरवाणी गोष्ट उजेडात आणली. जगातील पेढ्यांचे व्यवहार ज्या भागाच्या भरवशावर चालत, त्याची निगा मूठभर माणसे राखीत होती, आणि त्यांना मिळणाऱ्या देणग्यांची रक्कम वर्षास सुमारे दोन हजार डॉलर एवढीच होती. गावाने विहिरीचे पाणी वर्षानुवर्षे भरावे, पण गाळ काढण्याची पाळी आली की कोणी फिरकू नये, तसा हा प्रकार झाला. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा कामांसाठी निधी उभारण्याचे जाहीर केले. जाग आली, पण घर लुटले गेल्यावर.

अलीकडचे एक उदाहरण सांगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये अपॅचीची २.४.४९ ही आवृत्ती निघाली, आणि ठरावीक दालनाबाहेरील फायलीही बाहेरच्या माणसास वाचता येतील असा दोष तिच्यात निघाला. ४ ऑक्टोबर रोजी दुरुस्ती आली. ती अपुरी ठरली. म्हणून ७ ऑक्टोबर रोजी दुसरी काढावी लागली. ठिगळालाही ठिगळ लागते ते असे. मात्र ज्या राखणदारांनी सर्व दालने मुळात बंद ठेवून हवी तेवढीच उघडण्याचा नेम पाळला होता, त्यांच्या फायली या दोषातून वाचता येत नव्हत्या. इतरांच्या कौशल्याने सुटले नाही, ते संकट त्यांच्या साध्या शिस्तीने टळले.

बर्नर्स-ली यांच्या चिठ्ठीस बराच काळ लोटला. आता सर्व्हर एका मेजावर नसतात, आणि कोणी कळ दाबल्याने वेब विझणार नाही. पण प्रमाणपत्राची मुदत आज संपते काय, तबकडीवर जागा किती उरली, रात्री निघालेली दुरुस्ती सकाळी लागली की नाही, हे पाहणारा कोणीतरी असावाच लागतो. आपल्या कार्यालयात, शाळेत किंवा पेढीत असा एखादा इसम असेल. सारे सुरळीत असते तेव्हा तो काय करतो असे आपण विचारतो, आणि बिघडले म्हणजे तो काय करीत होता असे विचारतो. पुढल्या खेपेस पान झटकन उमटले, तर त्याच्याकडे जाऊन कालची रात्र कशी गेली, एवढे तरी त्याला विचारावे.