रोझेटो (पेनसिल्व्हेनिया)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नॉर्थॅम्प्टन काउंटीतील डोंगरउतारावरचे छोटे गाव. लोकसंख्या १,५६७ (२०१०). दक्षिण इटलीतील रोझेतो व्हालफोर्तोरे या डोंगरी गावातून आलेल्या मजुरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते वसवले. १९१२ मध्ये त्याला ‘बरो’चा, म्हणजे स्वतंत्र छोट्या नगरपालिकेचा दर्जा मिळाला. इटालियन लोकांनी वसवलेले आणि त्यांनीच कारभार चालवलेले अमेरिकेतील हे पहिले बरो मानले जाते. हृदयविकार आणि समाजजीवन यांच्या संबंधावर येथे झालेल्या संशोधनामुळे या गावाचे नाव जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत पोहोचले.

स्थान व भूरचना

ॲपलाचियन पर्वतातील ब्लू मौंटन किंवा किटाटिनी या लांबलचक रांगेच्या दक्षिण बाजूस रोझेटो आहे. पूर्वेस काही किलोमीटरवर डेलावेअर नदी वाहते आणि नदीपलीकडे न्यू जर्सी राज्य सुरू होते. शेजारचे बँगोर गाव इतके लागून आहे की नवख्या माणसाला दोघांची हद्द कळत नाही. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन्ही महानगरांतून मोटारीने सुमारे दोन तासांत येथे येता येते.

या भागाला ‘स्लेट बेल्ट’ म्हणतात. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला चिखल पुढे प्रचंड दाबाखाली पाटीचा दगड बनला. मार्टिन्सबर्ग प्रस्तर या नावाने ओळखला जाणारा तो थर येथे जमिनीखाली पसरलेला आहे. हा दगड पातळ, सपाट पापुद्र्यांत फुटतो. म्हणून घरांची छपरे, शाळांतील फळे आणि बिलियर्डची टेबले यांसाठी त्याला मोठी मागणी होती. रोझेटोचा जन्म या दगडामुळे झाला.

इतिहास

मूळचे रोझेतो इटलीच्या पुल्या प्रदेशात, फोज्जा प्रांतातील दाउनिया डोंगरांत, फोर्तोरे नदीच्या खोऱ्यावर वसलेले आहे. अरुंद गल्ल्या, एकमेकींना टेकलेली दगडी घरे, मधोमध चर्च आणि खाली शेती अशी त्याची ठेवण आहे. जमीन थोड्यांच्या ताब्यात होती. बाकीचे लोक संगमरवराच्या खाणीत राबत किंवा खालच्या खोऱ्यात दुसऱ्यांची शेती कसत. पहाटे उतरून जायचे आणि रात्री चढून यायचे, हा त्यांचा दिनक्रम होता.

१८८२ मध्ये या गावातील ११ जणांनी अमेरिकेची वाट धरली आणि त्यांतले काही बँगोरजवळच्या खाणींत कामाला लागले. पुढच्या वर्षी आणखी काही आले. १८९० च्या दशकात तर भाऊ, मेहुणे, शेजारी असे करत लोक मोठ्या संख्येने निघाले आणि मूळ गावातल्या कित्येक गल्ल्या ओस पडल्या. बँगोरच्या खाणी तेव्हा वेल्श लोकांच्या हाती होत्या. वेल्समधून आलेल्या रॉबर्ट एम. जोन्स यांनी १८६० च्या दशकात तेथे खाणकाम सुरू केले होते. इटालियन मजुरांच्या वाट्याला सर्वांत जड, सर्वांत धोक्याची आणि सर्वांत कमी मजुरीची कामे आली. वेल्श वस्तीत त्यांना घरोबा मिळाला नाही. म्हणून त्यांनी बँगोरच्या वरचा खडकाळ, कोणाला नकोसा उतार तुकड्यातुकड्यांनी विकत घेतला आणि त्यावर आपल्या पद्धतीने घरे बांधली. वस्तीला त्यांनी आधी ‘नुओव्हा इतालिया’ म्हटले. लवकरच जुन्या गावाचेच नाव कायम झाले.

१८९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फादर पास्क्वाले दे निस्को येथील कॅथलिक चर्चचे धर्मगुरू म्हणून आले. गावाच्या घडणीत त्यांच्याइतका वाटा दुसऱ्या कोणाचा नाही. त्यांनी मंडळे स्थापन केली, उत्सव बसवले, घरामागची जमीन साफ करून कांदे, घेवडा, बटाटे, टरबुजे आणि फळझाडे लावण्यास लोकांना प्रवृत्त केले आणि त्यासाठी बियाणेही वाटले. पुढे शाळा, उद्यान, मठ आणि दफनभूमी झाली. मुख्य रस्त्यावर दुकाने आणि पावाच्या भट्ट्या आल्या. विसाव्या शतकात खाणींचा धंदा उतरणीला लागला, तेव्हा स्त्रियांचे ब्लाउज शिवणारे डझनाहून अधिक लहान कारखाने येथे निघाले आणि गावातील बायकांची मिळकत घराला आधार ठरली.

गावाची ठेवण

गारिबाल्डी ॲव्हेन्यू हा रोझेटोचा मुख्य रस्ता. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गारिबाल्डी याचे नाव त्याला दिले आहे. या रस्त्यावरच ‘अवर लेडी ऑफ मौंट कार्मेल’ हे कॅथलिक चर्च आहे. येथे प्रेस्बिटेरियन पंथाचेही चर्च आहे. इटालियन वस्ती म्हणजे केवळ कॅथलिक वस्ती, हा समज त्यामुळे दूर होतो.

घरे दोन-तीन मजली, रस्त्याला लागून आणि परस्परांच्या अगदी जवळ. अमेरिकेच्या गावांत घरापुढे हिरवळ आणि दोन घरांमध्ये मोकळे अंतर असते. येथे पुढच्या बाजूस ओसरी आणि मागे भाजीचा मळा, द्राक्षाचा मांडव असे. आपल्या वाड्यांच्या ओट्यावर जसा सांज-सकाळ माणसांचा राबता असे, तसाच या ओसऱ्यांवर असे. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवल्यावाचून सोडत नसत. बऱ्याच घरांत तीन पिढ्या एकत्र नांदत. हे गाव पायीच पाहायला हवे, कारण घरांमधले हे कमी अंतर आणि रस्त्यांचा चढ मोटारीतून लक्षात येत नाही.

‘रोझेटो परिणाम’

१९५० च्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमा विद्यापीठातील डॉ. स्टुअर्ट वुल्फ उन्हाळ्यात या परिसरात राहत असत. येथे साठ-पासष्ट वर्षांखालील हृदयरोगी क्वचितच आढळतो, असे एका स्थानिक डॉक्टरांनी त्यांना सांगितले. हृदयविकार तेव्हा अमेरिकेतील पुरुषांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण होते. वुल्फ यांनी सहकाऱ्यांसह मृत्युनोंदी तपासल्या आणि १९६१ पासून गावकऱ्यांच्या रक्ताच्या व हृदयाच्या तपासण्या केल्या. समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी घरोघरी जाऊन माहिती घेतली. पहिला मोठा अहवाल १९६४ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. हृदयविकाराच्या झटक्याने होणाऱ्या मृत्यूंचे येथील प्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते.

आधी आहाराकडे बोट दाखवले गेले. पण रोझेटोकर ऑलिव्ह तेलाऐवजी डुकराच्या चरबीत स्वयंपाक करत आणि त्यांच्या आहारातील सुमारे ४१ टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येत. अनेक जण धूम्रपान करत, अनेक जण स्थूल होते. अनुवंश म्हणावा, तर याच गावातून अमेरिकेत इतरत्र गेलेल्यांना हा लाभ दिसत नव्हता. पाणी, हवा आणि दवाखाने शेजारच्या बँगोरचेच होते. उरली ती जगण्याची रीत. वडीलधाऱ्यांचा मान, एकत्र कुटुंब, दोन हजारांच्या आतील वस्तीत वीसहून अधिक मंडळे, पैसेवाल्याने श्रीमंती मिरवू नये हा दंडक, आणि अडलेल्याला एकटे न सोडण्याची सवय. या गोष्टी माणसाचे हृदय जपतात, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. त्याला ‘रोझेटो परिणाम’ म्हणतात.

ही रीत सुटली तर लाभही सुटेल, असे संशोधकांनी तेव्हाच बजावले होते. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून तरुण पिढी शिकून बाहेर पडू लागली. कुंपणाची, ऐसपैस, एकेका कुटुंबाची घरे आली. १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांच्या मृत्युनोंदींचा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली तीस वर्षे रोझेटो बँगोरपेक्षा सरस होते. नंतर दोघांचे प्रमाण सारखे झाले. वस्ती लहान असल्यामुळे या आकड्यांवर किती भार द्यावा याविषयी मतभेद आहेत. तरी आरोग्याचा विचार एकट्या माणसापुरता न करता त्याच्या शेजारासकट करावा, ही दृष्टी रुजवण्यात या गावाचा वाटा मोठा आहे. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाची सुरुवात रोझेटोच्या हकिकतीने केली आहे.

उत्सव व खाद्य

मौंट कार्मेलच्या मातेचा उत्सव दरवर्षी जुलैच्या उत्तरार्धात होतो. गावकरी त्याला ‘बिग टाइम’ म्हणतात. मातेच्या मूर्तीची मिरवणूक, वाद्यवृंद आणि खाद्यपदार्थांचे ठेले हे त्याचे मुख्य अंग. इतर राज्यांत स्थायिक झालेली कुटुंबे या दिवसांत आवर्जून परततात. पावाच्या जाड कणकेवर टोमॅटोचे वाटण पसरून भाजलेला ‘टोमॅटो पाय’ ही इथल्या भट्ट्यांची खासियत आहे.

परिसर

बँगोरमध्ये स्लेट बेल्टच्या इतिहासाचे छोटे संग्रहालय आहे. भोवताली पाण्याने भरलेल्या जुन्या खाणी आणि टाकाऊ दगडांचे काळपट ढीग दिसतात. पश्चिमेकडील पेन आर्जिल गाव इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेल्या खाणकामगारांचे. तेथील वीओना उद्यानात डेंट्झेल कारखान्याचे जुने लाकडी कॅरोझेल जतन केले आहे.

रोझेटोहून उत्तरेकडे जाणारा १९१ क्रमांकाचा राज्यमार्ग फॉक्स गॅप या खिंडीत ब्लू मौंटन ओलांडतो. सुमारे ३,५०० किमी लांबीची ॲपलाचियन पायवाट येथे रस्ता छेदते. शरद ऋतूत या रांगेवरून शिकारी पक्ष्यांचे थवे दक्षिणेकडे जातात आणि ऑक्टोबरात जंगल लाल-पिवळे होते. डोंगरापलीकडे २००८ मध्ये स्थापन झालेले चेरी व्हॅली राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान आहे. ईशान्येस डेलावेअर नदीने डोंगर कापून तयार केलेली डेलावेअर वॉटर गॅप ही भव्य खिंड असून तिच्या दोन बाजूंस मिन्सी आणि टॅमनी ही शिखरे आहेत. पोर्टलंड येथे नदीवर केवळ पादचाऱ्यांसाठी पूल आहे. १९५५ च्या महापुरात वाहून गेलेल्या छपराच्या लाकडी पुलाच्या जागी तो १९५८ मध्ये झाला.

नैऋत्येस नाझरेथ येथे मार्टिन गिटारचा कारखाना व संग्रहालय आहे. त्यापुढे बेथलेहेममधील मोराव्हियन पंथीयांची वसाहत २०२४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली. डोंगराच्या पलीकडच्या बाजूस सेलर्सबर्ग येथे स्वामी दयानंद सरस्वती यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेले आर्ष विद्या गुरुकुल आहे. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे तेथे वेदान्ताच्या शिबिरांसाठी जातात. त्यांना रोझेटोची वाट थोडीच वाकडी पडते.

प्रवास

गावात रेल्वे नाही, मोटार हवीच. हिवाळ्यात बर्फामुळे चढाचे रस्ते निसरडे होतात, म्हणून मे ते ऑक्टोबर हा काळ सोयीचा. एकच दिवस हाताशी असेल, तर आधी बँगोरची खाण आणि संग्रहालय पाहावे, मग चढून रोझेटोत यावे आणि गारिबाल्डी ॲव्हेन्यू पायी फिरावा. खाणीची खोली पाहिलेल्या माणसालाच कळते की दिवसभर तेथे राबून आलेल्यांनी हे चर्च, या शाळा आणि ही मंडळे उरल्यासुरल्या वेळात आणि स्वतःच्या मजुरीतून उभी केली.