पहिली बेरीज : त्रेसष्ट आणि साठ तीन



ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत इतिहासाचीं दोन पानें मीं लिहावीं, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. मंदिर कसें उभें राहिलें, वर्गणी कशी जमली, हें सारें इतर लेखकांच्या लेखणींतून येईलच. मीं एक लहान विषय घेतला आहे : मूल शाळेंत शिकतें ती पहिली बेरीज. विषय क्षुल्लक वाटेल. पण वाशीसारख्या ठिकाणीं तो क्षुल्लक नाहीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, १९७३ सालीं खाडीवर पूल झाला, आणि आगरी-कोळ्यांच्या जुन्या गांवाशेजारीं आंकड्यांनीं ओळखलें जाणारें नगर वसलें. येथें वस्तीला सेक्टरचा अंक आहे. मुलाला घराचा पत्ता सांगतां यावा म्हणून आधीं संख्या यावी लागते. आणि ती संख्या आई एका भाषेंत सांगते, बाई दुसऱ्या आणि रिक्षावाला तिसऱ्या.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. सायंकाळच्या अभ्यासवर्गांत दुसरीच्या एका मुलीला मीं तोंडी बेरीज घातली : त्रेसष्ट अधिक बारा. तिनें पाटीवर ३६ लिहिले, त्याखालीं १२ लिहिले, रेघ ओढली आणि ४८ मांडले. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईश्वरज्ञान शिकलेला मी, “चूक” म्हणून मोकळा झालों. मुलगी पाटीकडे पाहत राहिली. सहा आणि दोन आठ, तीन आणि एक चार; तिला आपली चूक सांपडेना, कारण बेरजेंत ती नव्हतीच. कानाला आधीं ‘त्रे’ ऐकूं आलें, म्हणून हातानें आधीं तीन लिहिला. मग ‘सष्ट’ आलें, म्हणून सहा. तिचे कान खरे होते आणि हातही खरा होता.

आपल्या मराठी संख्यानामांत एकं आधीं येतें व दहं मागून. कागदावर दहं आधीं व एकं मागून. त्यांत एकोणतीस, एकोणचाळीस हीं नांवें पुढल्या दशकांतून एक उणा करून बनलेलीं; हा नियम एकोणनव्वदपर्यंत टिकतो आणि नव्व्याण्णवापाशीं मोडतो. तात्पर्य, शंभरापर्यंतचीं नांवें जवळजवळ एकेक करून पाठ करावीं लागतात. हिंदी व कोंकणीचीही तीच तऱ्हा. तमिळ वा मल्याळम् घरांतील मूल मात्र वीस म्हणून मग एक म्हणतें, आणि वाशींत अशीं घरें थोडीं नाहींत.

ही अडचण आजची नव्हे. भास्कराचार्यांनीं इ.स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. तींत बेरजेला व वजाबाकीला मिळून एकच लहानसें सूत्र आहे : अंक आपापल्या स्थानाप्रमाणें मिळवावे, क्रमानें किंवा उलट क्रमानें. म्हणजे एकंपासून आरंभ करा वा दुसऱ्या टोंकाकडून, उत्तर तेंच. पाठोपाठ उदाहरण येतें : २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग. उत्तर ३६०. गंमत अशी कीं, त्या श्लोकांत १९३ ही संख्या ‘तीन-नव्वद-शंभर’ अशा अगदीं उलट्या क्रमानें उच्चारली आहे. बाराव्या शतकांतील विद्यार्थ्यालाही ऐकलेलें उलटवूनच मांडावें लागलें. या विद्येची कदर महाराष्ट्रांत झाली, याचा दगडी पुरावा खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. इ.स. १२०७ च्या सुमाराच्या त्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला आणि त्यास निकुंभ घराण्यानें दान दिलें, असें कोरलें आहे. दानाचा तपशील जुन्या मराठींत आहे.

हेच भारतीय अंक अरबांच्या हातून युरोपांत गेले, तेव्हां त्यांच्या स्वागतासाठीं उभ्या राहिलेल्यांत आपलाच एक धर्मगुरू होता. जेर्बेर नांवाचा हा फ्रेंच संन्यासी तरुणपणीं स्पेनच्या सीमेवर गणित शिकला, रान्स येथील शाळेंत खान्यांच्या गणनफळ्यावर बेरजा शिकवूं लागला, आणि सोंगट्यांवर त्यानें हे नऊ अंक घातले. शून्याची सोंगटी नव्हती. रिकामा खाना हेंच शून्य. पुढें तो पोप दुसरे सिल्व्हेस्तर झाला (९९९ ते १००३). त्याची गणितांतील गति पाहून मागाहून लोकांनीं सैतानाशीं त्याचा करार असल्याच्या कथा रचल्या! गणिताची भीति किती जुनी आहे पाहा.

आपल्याकडे पंतोजींच्या शाळेंत धूळपाटीवर अंक गिरवीत आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकीत. या पाठांतरास आज नांवें ठेवण्याची चाल आहे. परंतु बाजारांत उभ्या उभ्या हिशेब करणारी पिढी त्यानेंच घडविली. शब्दांकडे पाहिलें तरी इतिहास दिसतो : गुणाकार व भागाकार संस्कृत, तर बेरीज व वजाबाकी फारशी वळणाचे, वसुलाच्या दफ्तरांतून आलेले. एकच शब्द अस्सल घरचा वाटतो, तो ‘हातचा’. सात आणि पांच बारा, दोन मांडले, हातचा एक. हातांत राखून ठेवलेला एक पुढल्या घरांत द्यावयाचा, ही सगळी युक्ति त्या एका शब्दांत आली.

इंग्रजी अमलांत मुंबईस १८२२ सालीं शालापुस्तकांसाठीं संस्था निघाली आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं इंग्रजी गणित मराठींत आणविलें. त्याचें श्रेय मोठें आहे, पण मुलाच्या हाताकडे लक्ष गेलें तें पुढें फार उशीरा. १९०७ सालीं रोम येथें बालगृह काढणाऱ्या मारिया माँटेसरी यांनीं सोनेरी मणी केले : सुटा मणी एकं, दहा मण्यांची कांडी दहं. सुटे दहा झाले कीं मूल ते देऊन कांडी घेतें. हातचा खरोखरच हातांत येतो. ताराबाई मोडकांनीं तें शिक्षण १९४५ सालीं बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत नेलें. तेथें विकतच्या मण्यांची जागा खडे, बिया व शंखांनीं घेतली.

आतां २०१९ सालाकडे येतों. त्या जूनमध्यें बालभारतीचें दुसरीचें नवें गणित निघालें आणि त्यांत एकवीस हें ‘वीस एक’, त्रेसष्ट हें ‘साठ तीन’ असेंही वाचावयास दिलें. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरें आणि उलटा क्रम यांनीं लहान मूल दमतें व गणिताला भितें, असें त्यांचें म्हणणें. जुनीं नांवें काढलेलीं नव्हतीं. तरी मोठा गदारोळ झाला, भाषा बुडाली असें लोक म्हणाले, विधानसभेंतही थट्टा झाली. मीही हंसलों होतों. एका प्रवचनांत तें उदाहरण ओढून आणलें आणि मंडळी हंसली, याचें मला समाधान वाटलें होतें. नॉर्वेंत १९५१ सालीं राज्यानेंच असा पालट केला होता, टेलिफोनच्या आंकड्यांच्या निमित्तानें, आणि जुनी रीत तेथें लोकांच्या तोंडीं पुढेंही राहिली, हें मला तेव्हां ठाऊक नव्हतें. नारळीकरबाई २०२३ सालीं निवर्तल्या.

जुन्या नांवांची बाजूही पोकळ नाहीं. बेरीज आपण एकंपासूनच आरंभितों, आणि ‘त्रेसष्ट’ म्हणतांच तो तीन आधीं हातीं येतो. तोंडी हिशेबाला याचा उपयोग होतो. पण ज्या मुलाच्या घरीं उजळणी घेणारें कोणी नाहीं, त्याला ती सोय हातीं येण्याआधीं पाटीवर ३६ येतात, आणि वरून ‘चूक’ म्हणणारा माझ्यासारखा कोणी भेटतो.

त्या मुलीला पुढल्या आठवड्यांत मीं काड्यांच्या जुड्या दिल्या. सहा जुड्या आणि तीन सुट्या. त्यांत एक जुडी आणि दोन सुट्या. तिनें मोजून ७५ लिहिले. हल्लीं कोणी त्रेसष्ट म्हटलें कीं ती ओठांतल्या ओठांत ‘साठ तीन’ म्हणते, लिहिते, आणि मग मोठ्यानें ‘त्रेसष्ट’ वाचून दाखविते. परवां तिनें मला विचारलें, “फादर, नव्व्याण्णवाला एकोणशंभर कां म्हणत नाहींत?” मीं तिलाच फळ्यावर दोन्ही नांवें लिहावयास सांगितलीं.